मॉपच्या दांड्याची घोडी

९ सप्टेंबर, मंगळवार

मॉपचा दांडा गेला. नुसता दांडा! खालचा झुपका बाथरूममध्ये जागच्या जागी, वरचा दांडा गायब. जाईबाईंना विचारलं तर त्या उखडल्या — मी दांडा घरी नेऊन काय त्याचं लोणचं घालू? बरोबर आहे. पण मग गेला कुठे? आज त्यांनी फरशी वाकून पुसली आणि मधूनमधून कंबर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी जासईच्या यार्डात दिवसभर कंटेनरांचा पत्ता ठेवते. कुठला कुठे उभा, कुणाचं सील, कुणाचा गेटपास — सगळं तोंडपाठ. आणि घरातला एक दांडा सापडत नाही!

१० सप्टेंबर

आता अभयची पँट. तळोज्याच्या प्लँटची खाकी. जुनी, पण घालत होता बिचारा. हँगरवर एकाच पायाची लटकतेय. दुसरा पाय मांडीपासून कापलेला, कात्रीने, सरळ रेषेत. अभय म्हणाला, चोर लंगडा असणार. या माणसाला कशाचंच काही वाटत नाही. लोकरीची पिशवी उघडून बघितली — जांभळी लोकर संपलेली. आबोलीला विचारलं तर ‘मला काय माहीत?’ तेही भूगोलाच्या पुस्तकातून मान वर न करता. आठवीतली मुलगी इतका वेळ भूगोल वाचत नाही. काहीतरी शिजतंय.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी इंटरकॉम वाजला. नंदकिशोरकाका, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ‘गीतांजली मॅडम, तुमची मुलगी आणि चार-पाच जणी पोडियमवर काठ्या पायांत घालून पळतायत. सीनियर लोकांना त्रास होतो. जरा बघा.’ तव्यावरची पोळी तशीच टाकून पार्किंगच्या वरच्या त्या गच्चीवर गेले. चांगला दम भरायचा हे लिफ्टमध्येच ठरवलं. वाक्यंसुद्धा तयार होती.

क्लब हाउसच्या मागे एसीची यंत्रं गुरगुरत असतात, तिथे कुणी फिरकत नाही. तिथे होत्या. कुंड्यांवर काठ्या आडव्या टाकलेल्या. पाच मुली. प्रत्येकीच्या हातात घोड्याचं कापडी डोकं, आयाळ लावलेलं, लगाम घातलेलं, आणि त्याचा दांडा पायांमधून मागे गेलेला. शिशुवर्गातली पोरं खेळतात तसलं काहीतरी. बोलायला म्हणून तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

आबोली येत होती. कमरेच्या वर ती हलतच नव्हती. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, नजर समोर, घोडीची मान जराही डगमगत नव्हती. आणि कमरेखाली — ते माझ्या मुलीचे पाय नव्हतेच! एक पाय सतत पुढे, दुसरा त्याच्यामागे, टापा पडाव्यात तसा ताल, आणि तो ताल वाढत वाढत गेला. काठीच्या अलीकडे तिने पाऊल जरासं आखडलं आणि उठली. उडी मारली असं नाही म्हणता येत. उठली. काठी माझ्या कमरेपर्यंत येईल इतकी उंच. दोन्ही हात लगामाला, म्हणजे तोल सावरायला हातसुद्धा मोकळे नाहीत. पलीकडे उतरली ती त्याच तालात, जसं मध्ये काही नव्हतंच.

आणि ही मुलगी खालून दूध आण म्हटलं की पाय दुखतात म्हणते!

एक उंच, सावळी मुलगी मध्ये उभी राहून शिकवत होती. ‘घाई नको. तिला बघू दे आधी.’ तिला म्हणजे घोडीला. मी एसीच्या यंत्राआड उभी. दम भरायचा राहूनच गेला. डोळ्यांत पाणी आलं, का ते नाही सांगता येणार. तेरा वर्षं ही पोर माझ्या डोळ्यांसमोर आहे, हिचं बूट-मोज्याचं माप मला माहीत, आणि हे असलं काही तिच्या अंगात आहे याचा मला पत्ताच नव्हता. हे मी तिला शिकवलेलं नाही. कुठल्या क्लासला घातलेलं नाही. मग हे आलं कुठून?

वर आले तर पोळीचा कोळसा. दांडा मात्र ओळखला मी. निळा. अभयच्या पँटचा पाय म्हणजे घोडीची मान, आणि जांभळी लोकर तिची आयाळ.

१५ सप्टेंबर

रात्री जेवताना विषय काढला. आबोलीने आधी चेहरा पाडला, मग मी रागावले नाही हे बघून सुटलीच. फिनलंड नावाच्या देशात मुली हे करतात. मोठ्या स्पर्धा होतात, हजारो माणसं बघायला येतात. उड्या असतात, शिवाय घोडा नुसता डौलात चालवून दाखवायचाही प्रकार असतो. आता जगभर पसरतंय. तिने आणि हादियाने मोबाईलवर बघितलं — हादिया म्हणजे ती सावळी मुलगी, तिच्याच वर्गातली, तळोजा गावात राहते. घोडा आपला आपण बनवायचा, हा त्यांचा नियम.

घोडीचं नाव कस्तुरी. स्वभावाने भित्री आहे म्हणे! काल एका काठीला बिचकली. मी विचारलं, कोण बिचकलं, ती की तू? आबोलीने माझ्याकडे अशी दयेने बघितलं की मी मुकाट्याने आमटी वाढून घेतली.

अभयने कस्तुरीची मान हातात घेऊन चाचपली. ‘माझा खिसा आहे हा,’ म्हणाला. मग बराच वेळ तिच्या शिवणीवरून बोट फिरवत बसला. टाके इतके बारीक की मला जमले नसते.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज सुट्टी टाकली होती. घरात कुणी नाही असं बघून झाडू घेतला आणि हॉलमधून बेडरूमपर्यंत तसं पळून बघितलं. नुसतं पळणं, उडी नाही. शिवाय पुढचा पाय पुढेच ठेवायचा. सोफ्यापर्यंत जाता जाता पाय एकमेकांत अडकले आणि छाती भात्यासारखी वरखाली. मागे वळते तो जाईबाई दारात. स्वतःच्या किल्लीने आलेल्या. ‘ताई, अंगात आलं काय?’ नवरात्र चालू आहे, त्यामुळे त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं. मी झाडू त्यांच्या हातात दिला.

पण आता कळलं. ते जे आबोली करते ते किती कठीण आहे, हे आता माझ्या पिंढऱ्यांना कळलंय.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी खाली गाड्यांची पूजा. अभयने बाईक धुऊन पुसून उभी केली, माझी स्कूटर शेजारी. मी ताट घेऊन उतरले तर आबोली कस्तुरीला घेऊन आली आणि काही न बोलता बाईकच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवली. आजूबाजूला सगळी सोसायटी. कुणीतरी फिदकन हसलं. माझे कान तापले.

अभयने बाईकला हार घातला, स्कूटरला घातला. मग कस्तुरीसमोर उकिडवा बसला. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूचा उरलेला तुकडा, दांड्याखाली लिंबू. जराही हसला नाही. उलट म्हणाला, ‘हे वाहन आपल्या घरात सगळ्यात जास्त धावतं.’ आबोली बापाकडे बघत होती ते मी कधी विसरणार नाही.

बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला आज इतका आवडला!

५ ऑक्टोबर, रविवार

हादिया जेवायला होती. गोड मुलगी, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. तिचा घोडा नवाब. तिचे वडील झहूरभाई कळंबोलीला ट्रेलरच्या यार्डात असतात, तिथल्या ताडपत्रीचा नवाब आहे. पूर्ण काळा, दिसायला देखणा. मी तिला म्हटलं, तू आबोलीला खूप छान शिकवलंस, मी रोज बघते हल्ली. बघतेच मी. ऑफिसच्या बसमधून उतरले की आधी क्लब हाउसमागे, मग घर.

हादियाने घास थांबवला. ‘काकी, रागवू नका. तुमी बघताव ना, तवा ती तुमच्यासाठी उडी मारते. घोऱ्यासाठी नाय.’

मी हसले. पोरगी मोठी तत्त्वज्ञ आहे. आईने बघितलं तर मुलीला हुरूपच येतो.

संध्याकाळी स्कूटरवरून तिला घरी सोडलं. तिची आई करिमुन्निसा दारातच भेटली. अंगाने भारी, बोलायला कमी, ओढणी सावरत उभी. चहा घ्याच म्हणाली. निघताना हळूच विचारलं, ‘पोरी उरतात तं कशा दिसतात वो?’ उडताना त्या कशा दिसतात ते सांगायला गेले आणि शब्द सापडेनात. एकदा या ना बघायला, म्हटलं. ती हसली आणि मान हलवली, नाही अशी. घर, स्वयंपाक, सासूबाईंचं आजारपण. फारशी बाहेर पडत नसावी.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज व्हिडिओ काढला! आबोली कुंड्यांवरून उठते तो. दहा वेळा बघितला, मग राहवलं नाही, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात नुसता पाऊस. टाळ्या, हात जोडलेले, आगीच्या ज्वाळा. ज्या नंदकिशोरकाकांना त्रास होत होता त्यांचा फोन — ‘मॅडम, आपल्या सोसायटीचं नाव होईल. स्पर्धा घेऊ या!’

खरंच का घेऊ नये? इतकं सुंदर काहीतरी एसीच्या यंत्रांमागे चालतं आणि जगाला पत्ता नाही, हे मला सहनच होत नाही. सगळ्यांनी बघायला हवं. सगळ्यांनी तसंच आ वासून उभं राहायला हवं.

आबोलीला सांगितलं. ‘हं,’ म्हणाली. लाजत असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची धामधूम संपली आणि मी कामाला लागले. ग्रुप तयार केला, वयोगट पाडले, टी-शर्ट सांगितले. पलीकडच्या सेक्टरमध्ये राजवर्धन सर स्केटिंग शिकवतात, ते कोचिंगला तयार झाले. शिट्टी वाजवून सुरुवात करायची पद्धत त्यांनीच घालून दिली. छोट्या मुलांचे आईबाप रांगेत आहेत. नवी मुंबईतली पहिली स्पर्धा, १६ नोव्हेंबर! प्रत्येकीच्या छातीवर नंबर. घोड्यांची नावं टी-शर्टवर मावत नव्हती, म्हणून ती काढून टाकली.

अभय यादी बघत होता. ‘गीता, हे कंटेनर नाहीत.’ मी म्हटलं, तू नुसता बसून राहा. सगळं मीच करायचं असतं या घरात.

९ नोव्हेंबर, रविवार

हादिया सरावाला येत नाही. सरांशी वाजलं म्हणे. शिट्टीवर घोडा सुटत नसतो, असं ती सरांना तोंडावर बोलली. बाकीच्या तिघी ‘क्लास आहे’ म्हणून गळाल्या. आबोली येते. नंबर एक लावून येते, सांगितलेलं सगळं करते, घरी जाते. मन लावून करते आहे.

फ्लेक्स लागला गेटवर. त्यावर छापणाऱ्याने खरा शर्यतीचा घोडा टाकलाय. आबोलीने तो बघितला आणि मान खाली घालून आत गेली. मी म्हटलं, बदलून घेऊ गं. ‘राहू दे,’ म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहून टाकते एकदाचं.

पोडियम भरलं होतं. खुर्च्या, माईक, नगरसेवक, वडापाव. आधी लहान मुलं, त्यांच्या पडापडीला लोक पोट धरून हसले. मी माईकवर होते. मनात म्हणत होते, हसा. आता माझी आबोली येऊ दे, मग बघते कोण हसतं.

आली. पहिल्या दोन काठ्या अशा पार केल्या की खरंच शांतता पसरली. एका म्हाताऱ्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझं ऊर भरून आलं. तिसरी काठी सगळ्यात उंच. तालात आली, पाऊल आखडलं — आणि थांबली. कस्तुरी अडली. वळून परत आली, परत अडली. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी मोबाईल वर धरला.

आणि मी! माईक तोंडाशी होता हे मला कळत होतं, तरी बोलले. ‘आबोली! काय करतेस? मार उडी! एरवी कशी मारतेस!’

चारी स्पीकरांतून माझा आवाज सगळ्या इमारतींवर आदळून परत आला. लोक हसले.

आबोली माझ्याकडे वळली नाही. रडली नाही. दांडा पायांतून काढला, म्हणजे घोडीवरून उतरली, कस्तुरीच्या मानेवर दोनदा हात फिरवला, कानाशी काहीतरी बोलली आणि तिला लगामाने धरून चालवत बाहेर घेऊन गेली. खऱ्या घाबरलेल्या जनावराला न्यावं तसं. सगळी सोसायटी दात काढतेय, आणि या एवढ्याशा मुलीला काळजी कुणाची, तर घोडीची! मी इतकी माणसं बघितली, इतका आब कुणाच्या चालण्यात बघितला नाही.

हादिया मागे उभी होती, घोडा न आणता. नवाबला बरं नाही, असं तिने मला सकाळीच सांगितलं होतं. आबोली तिच्यापाशी गेली आणि दोघी जिन्याने उतरून गेल्या.

१७ नोव्हेंबर

बाथरूममध्ये मॉप उभा आहे. अख्खा. दांड्यासकट.

१८ नोव्हेंबर

जाईबाई खूश. मी नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आबोली शाळेत जाते, जेवते, अभ्यास करते. विचारलं तर उत्तर देते. भांडतसुद्धा नाही माझ्याशी. भांडली असती तर बरं झालं असतं. कस्तुरीचं डोकं कुठे आहे ते विचारायची माझी हिंमत नाही. तिच्या कपाटात नाही, हे माहीत आहे. बघितलं मी.

ऑफिसमधल्या ओळखीने परदेशातून एक तयार हॉबी हॉर्स, म्हणजे असलाच काठीचा घोडा, मागवला होता, तो आज आला. काचेचे डोळे, खऱ्या केसांसारखी आयाळ. ‘छान आहे,’ म्हणाली आबोली. पाहुण्यांनी आणलेल्या भेटवस्तूला म्हणते तसं. तो दाराच्या मागे उभा आहे.

अभयला विचारलं, माझं चुकलं कुठे? सगळ्यांना दाखवलं ते चुकलं? तो भांडी पुसत होता. ‘तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी असं होतं जे तू आणून दिलेलं नव्हतंस,’ म्हणाला. एवढंही तो वर्षातून एकदा बोलतो.

खरं आहे. भरतनाट्यम मी, स्विमिंग मी, अबॅकस मी. सगळीकडे फॉर्म मी भरला, टाळ्या मी वाजवल्या. ते पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं ना, ते यासाठीच होतं की हे माझं नव्हतं. आणि मी काय केलं? लगेच त्यावर नंबर मारला.

३० नोव्हेंबर, रविवार

ग्रुप बंद केला. राजवर्धन सरांची बॅच चालू आहे, ती त्यांची त्यांना लखलाभ. फ्लेक्स अभयने आणि मी मिळून उतरवला. नंदकिशोरकाका नाराज — पुढच्या वर्षी ‘भव्य’ करायचं होतं म्हणे. आबोलीला सॉरी म्हटलं. नीट, समोर बसून. तिने ऐकून घेतलं. ‘ठीक आहे गं आई.’ मग अभ्यासाला बसली.

तिने परत घोडीवर बसावं. मला दुसरं काही नको. मी बघितलं नाही तरी चालेल, पण तिने बसावं.

७ डिसेंबर, रविवार

आबोली हल्ली रविवारी हादियाकडे गणिताला जाते. आज परत आली तर मोजे काळे, केसांना डिझेलचा वास, आणि आंघोळीला जाताना गुणगुणत होती! गणित करून आजवर कुणी गुणगुणलेलं नाही.

मी एक शब्द विचारला नाही. जीभ चावून बसले. संध्याकाळी झहूरभाईंचा अभयला फोन. रविवारी ट्रेलर बाहेर असतात, कळंबोलीचं यार्ड रिकामं, तिथे पोरी घोडे पळवतात. ‘पोरी सेफ हायत, मी सोता गेटवर बसतो. फकस्त कुनाला सांगायचं नाय बोलल्यात.’ कुणाला म्हणजे मला. आणखी कोण आहे?

पण धावतेय! कुठल्या दांड्यावर कोण जाणे, पण कस्तुरी परत धावतेय! मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या आवाजात रडून घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार

गेले. जायचं नाही असं तीन दिवस घोकून शेवटी गेलेच. आबोली निघाल्यावर थोड्या वेळाने स्कूटर काढली. लोखंडाच्या बाजारापलीकडे यार्ड आहे, उंच पत्र्याची भिंत, पत्र्याचंच गेट, बंद. बाहेर झहूरभाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मला बघून दचकले नाहीत. टपरीवरून आणखी एक खुर्ची ओढून आणली. ‘भाभी, बसा. आत नाय जायाचं. मना पन बंदी हाय.’

गेटच्या फटीला डोळा लावला असता तर दिसलं असतं. फट चांगली बोटभर होती. मी खुर्ची फिरवली आणि गेटकडे पाठ करून बसले. चहा आला.

आणि ऐकू आलं. सिमेंटवर टापा. आधी सगळ्या एकात एक मिसळलेल्या, मग वेगळ्या वेगळ्या. एक हलकी, घाईची. एक सावकाश. मग एक ताल आला, भरीव, वाढत गेला, वाढत गेला — आणि तुटला. काहीच आवाज नाही. हवेत! त्या तेवढ्या वेळात एक्सप्रेसवेचे ट्रकसुद्धा थांबल्यासारखे वाटले मला. मग पलीकडे टाप पडली आणि ताल पुढे चालू.

उडी बघितली होती, पण ऐकली नव्हती कधी. आत कुणीतरी खळखळून हसलं.

झहूरभाई डोळे मिटून बसले होते. मीही मिटले. त्यांच्या आधी उठले आणि आबोलीच्या आधी घरी पोचले.

२१ डिसेंबर, रविवार

आजही. खुर्ची माझी ठरलेलीच झालीये. आज शेवटची जी उडी ऐकली तिला तोड नाही. आधी ती दोनदा अडली. ताल जवळ आला आणि विरून गेला, परत आला आणि विरला. आतून कुणी ओरडलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. सगळ्याजणी गप्प, नुसत्या थांबून राहिलेल्या. तिसऱ्यांदा टापा आल्या, जड, ठाम, आणि मग ती शांतता! इतकी लांब शांतता की मी श्वास घ्यायला विसरले. खाली आली ती धप्पकन, आणि आत एकच कल्ला झाला.

माझी आबोली. तिसऱ्या काठीला अडलेली आबोली. आईला पावलं कळतात. भिंतीपलीकडून, पाठमोरी, डोळे मिटून मला माझ्या मुलीची उडी कळली. बघायची गरजच काय होती मला कधी?

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी तोंडातून निसटलं. डबा भरताना. ‘कालची शेवटची उडी काय होती गं!’ आणि जीभ चावली.

आबोलीने बूट घालायचं थांबवलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण तिला हसू येत होतं. तू बाहेर बसतेस ते माहितीये, म्हणाली, पहिल्या दिवसापासून. झहूरचाचांना काही लपवता येत नाही. ‘पण ती उडी माझी नव्हती.’

मग हादियाची? तीही नाही. ‘करिमुन्निसाचाचींची.’

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी. गेट बंद असतं ते त्यांच्यासाठी. कुणाला सांगायचं नाही ते त्यांच्यासाठी. महिनाभर दर रविवारी हरून, काल पहिल्यांदा गेल्या काठीवरून. माझ्यापासून काही लपवायचं असं त्या पोरींच्या मनातही नव्हतं.

आबोलीने दप्तर उचललं. दारात वळली.

‘रविवारी आत ये,’ म्हणाली. ‘पण बघायला नाही.’